कवळीवाले भाऊजी आणि गार्डाचा डबा

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याची आणि आमच्या भाऊजींची कधी गाठ पडली नसावी. भाऊजींनी चाळीस वर्षं दातच कोरले. त्यावर त्यांचं पोट भरलं, दोन मुली शिकल्या, त्यांची लग्नं झाली, आणि दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाटही उभं राहिलं. माझी ताई म्हणते, पोट भरलं हे खरं, पण कपाट काही भरलं नाही. त्या कपाटात चार बोटं जागा बावीस वर्षं रिकामी होती. ही हकीकत त्या चार बोटांची.

भाऊजी कवळ्या बनवतात. घराची मागची खोली हा त्यांचा कारखाना. तिथे खिडकीपासून दारापर्यंत सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली असते, त्यामुळे खोलीत नुकतंच कोणी पीठ चाळल्यासारखं दिसतं. फळीवर साचे, त्याखाली मेणाच्या कांड्या, आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घातलेले दात. नवखा पाहुणा हात धुवायला आत जातो आणि पाण्याऐवजी कोणाचं तरी हसू बघून परत येतो. "आमच्या घरात माणसं दोन आणि दात तीनशे," असं ताई सांगते, आणि त्यातले बोलणारे फक्त तिचे, असंही पुढे सांगते.

पण कलावंत माणूस. भाऊजींची कवळी ओळखू येत नाही. त्यांचं म्हणणं असं की खोटे दात पकडले जातात ते सरळपणामुळे. "खऱ्या तोंडात बत्तीस पोरं एका बाकावर बसलेली असतात. एखादं तरी ढकलाढकल करणारच." म्हणून ते आधी गिऱ्हाइकाचा जुना फोटो मागून घेतात. पूर्वी सुळा जरा पुढे असेल तर नवाही तेवढाच पुढे. चहाबाज माणूस असेल तर दातांवर चहाचा पुसट पिवळेपणा. जिथे माणूस आयुष्यभर चावत आला तिथे दाढा थोड्या झिजलेल्या. एका गृहस्थांना त्यांनी अशी कवळी बसवून दिली की त्यांची बायको दोन दिवस त्यांच्याकडे निरखून बघत होती आणि शेवटी म्हणाली, "केस कापलेत का?" भाऊजींना मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक हेच. ते लिहून घेता आलं नाही याची त्यांना अजून हळहळ आहे.

आता असा माणूस, ज्याची सगळी हयात हुबेहूब नक्कल करण्यात गेली, त्याने छंद कुठला धरावा? भाऊजी जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या जमवतात. पत्र्याच्या, चावीच्या, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या. आणि अट एकच: अस्सल हवी. त्याच कारखान्याची, त्याच काळातली, त्याच रंगाची. हल्ली जुन्या गाड्यांच्या तशाच्या तशा नव्या प्रती निघतात, चकचकीत खोक्यात मिळतात, किंमतही आवाक्यातली असते. तसली प्रत कोणी घरात आणली की भाऊजी अशा चेहऱ्याने बघतात, जणू कोणी पायातले बूट जेवणाच्या टेबलावर ठेवलेत.

"चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात खोटं घातलंत," ताई म्हणते, "आणि घरात मात्र खरंच पाहिजे."

"कवळी माणसाच्या उपयोगी पडते," भाऊजी म्हणतात. "नकली गाडी कोणाच्या उपयोगाची?"

"आणि अस्सल?"

यावर भाऊजी पांढरे सुती हातमोजे चढवतात. बोलणं संपलं याची ती खूण. गाडीला उघडा हात लागलेला त्यांना चालत नाही, घामाने रंग जातो म्हणे. कवळ्या मात्र उघड्या हाताने. ताईने यावर काय काय म्हटलंय ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही.

गाड्या चालवायच्या नाहीत हा दुसरा नियम. चालवली की झिजते, चावी दिली की स्प्रिंग थकते. त्यामुळे कपाटातल्या एकोणीस गाड्या बावीस वर्षं कुठल्यातरी अदृश्य सिग्नलची वाट बघत उभ्या होत्या.

याच्या नेमकं उलट शास्त्र चष्मेवाल्यांचं. चष्मेवाले म्हणजे भाऊजींचे परममित्र आणि परमशत्रू. कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान, वर राहायला जागा, आणि त्या जागेत फरशीभर रूळ. त्यांच्या सगळ्या गाड्या नव्या प्रती. ते पायजम्यात जमिनीवर पालथे पडून त्या पळवतात, बोगद्यातून काढतात, एकमेकींवर आदळवतात आणि लहान पोरासारखे खिदळतात. दोघांची जुगलबंदी दर रविवारी चहाला ठरलेली.

"तुमच्या गाड्या बघायच्या, माझ्या चालवायच्या," चष्मेवाले म्हणत. "हत्तीसारखं आहे. दाखवायचे दात तुमचे, खायचे माझे."

"तुमचं ते खेळणं आहे."

"दातवाले, तुमचंही खेळणंच आहे. फक्त त्याला कोणी खेळू देत नाही."

कपाटाच्या मधल्या फळीवर, डोळ्यांच्या बरोबर समोर, भाऊजींचा जीव होता. गडद हिरवं इंजिन आणि त्याच रंगाचे तीन डबे. खिडक्यांना पिवळी कडा, दारांना केसासारखी बारीक लाल रेघ. या गाडीला मुळात चौथा डबा होता: गार्डाचा, मागे छोटा लाल दिवा असलेला. तो मिळेना. बाजार झाले, लिलाव झाले, अनोळखी माणसांची माळ्यावरची अडगळ उपसून झाली. मिळाल्या त्या दोन नकला, दोन्ही भाऊजींनी विकणाऱ्याच्या हातात असतानाच नुसत्या वासावरून ओळखल्या. तर तिसऱ्या डब्यामागे चार बोटं जागा मोकळी होती आणि तिथे सुबक अक्षरात एक चिठ्ठी होती, 'राखीव'. ताईने एकदा तिथे सुईदोऱ्याची डबी ठेवली. त्यावर नवरा-बायको तीन दिवस बोलत नव्हते. चौथ्या दिवशी बोलले कारण भाऊजींचं बटण तुटलं आणि डबी कुठे ते विचारावं लागलं.

मग मावशी आल्या.

टेलिफोनच्या कचेरीत छत्तीस वर्षं जोडण्या देऊन निवृत्त झालेल्या, वय त्र्याऐंशी, आवाज अजून असा की माणूस आपोआप हळू आणि स्पष्ट बोलायला लागतो. त्यांची जुनी कवळी पडून दुभंगली होती. भाऊजींनी त्यांना खुर्चीत बसवलं, मापाचा लगदा कालवला, साच्यात भरून तोंडात बसवला आणि सांगितलं, "आता तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही."

खुर्चीतून उघड्या दारातून दिवाणखान्यातलं कपाट सरळ दिसतं. अर्ध्या मिनिटात मावशींचा हात वर गेला.

"हलू नका."

मावशी बोटाने कपाट दाखवायला लागल्या. घशातून "ऊं, ऊं" असा आवाज.

"मावशी, माप बिघडेल. अजून दोन मिनिटं."

मावशींनी बाजूची पेन्सिल घेतली आणि साच्याच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहायला सुरुवात केली. भाऊजींनी ती हळूच काढून घेतली. माप म्हणजे माप. तीन मिनिटं पुरी झाल्यावर साचा बाहेर आला, मावशींनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "त्या हिरव्या गाडीचा शेवटचा डबा माझ्याकडे आहे."

त्या दिवशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा भाऊजींचं प्लास्टर वाटीतच घट्ट झालं. ती वाटी ताईने अजून ठेवलीय. तिच्यातून चमचा निघत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या बिस्किटांचा एक मोठा डबा घेऊन. त्यात उशीचा जुना अभ्रा, आणि अभ्र्यात एक नाही, दोन गार्डाचे डबे. दोन्ही हिरवे, दोन्हींना पिवळी कडा, लाल रेघ, मागे लाल दिवा. भाऊजींनी आधी हातमोजे घातले, मग चष्मा शोधला, मग लक्षात आलं की चष्मा नाकावरच आहे.

"दोन कसे?" त्यांनी विचारलं.

"एक कारखान्याचा, एक दादाचा," मावशी म्हणाल्या. "आम्ही लहान. घरात ही गाडी, आणि दोघांनाही हवा गार्डाचा डबा. रोज भांडण. मी बारकी, चावायचे. तेव्हा दात होते. दादा मोठा होता, शाळा सोडून कंदिलांच्या कारखान्यात पत्रा कापायला लागला होता. एक दिवस त्याने तिथल्या पत्र्याचा दुसरा डबा करून आणला. अगदी असाच. आणि मी पुढे कधी म्हणू नये की माझा खोटा, म्हणून दोन्हींच्या पोटांना त्याने काळा रंग फासला. कारखान्याचा छाप होता तो गेला त्याखाली. मग भांडण मिटलं. पुढे गाडी कोणाकोणाला दिली, हे दोन तेवढे राहिले. पन्नास वर्षं एका पेटीत. दादा गेला त्यालाही आता अकरा वर्षं झाली."

"मग यातला—"

"कारखान्याचा तुम्ही घ्या. तुमच्या गाडीला शेपूट येईल. दादाचा मला राहू दे. उशाशी ठेवीन. फक्त कुठला कुठला ते तुम्ही सांगायचं. माझे डोळे असे, मला दोन्ही जुळेच दिसतात. तुम्ही यातले जाणते, असं तुमच्या मंडळी सांगत होत्या. आणि रंग खरवडायचा नाही."

अशी परीक्षा भाऊजींवर कधी आली नव्हती. एरवी नकलेचा मालक ती अस्सल म्हणून खपवायला बघतो, इथे मालकिणीला नक्कलच हवी होती. दोघांना हवं ते वेगळं, त्यामुळे भांडायला कारण नाही. पण चूक झाली तर एक म्हातारी बाई भावाऐवजी कारखाना उशाशी घेऊन झोपणार. भाऊजी रात्री जेवताना ताईला म्हणाले, "साध्या गिऱ्हाइकाची कवळी चुकली तर परत करता येते. हे परत करता येणारं काम नाही."

तीन आठवडे मागच्या खोलीत कवळ्या बाजूला पडल्या. भाऊजींचे नेहमीचे हुकमी उपाय एकेक करून गारद झाले. वास? दोन्हींना पन्नास वर्षं एकाच पेटीचा. रंग? दोन्ही सारखेच म्हातारे. नक्कलही अस्सलइतकीच जुनी असेल तर माणसाने करावं काय? धातू तोलायच्या काट्यावर वजन केलं तर दीड ग्रॅमचा फरक आला, पण जड कोण असायला हवा हे काटा सांगेना. भिंग लावून ते लाल रेघेवरून असे जात की त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं असतं तर रेघच घाबरून पुसली गेली असती. चष्मेवाल्यांनी दुकानातली मोठी भिंगं आणून दिली, आणि जाताना म्हणाले, "नाणं उडवा."

शेवटी भाऊजींच्या मदतीला त्यांची विद्याच आली. एक डबा तुलनेने नवा दिसत होता. दुसरा झिजलेला: छताच्या कडेला रंग उडून पत्रा दिसत होता, जिथे लहान अंगठा धरतो बरोबर तिथे. दाराची रेघ पुसट. एक पायरी वाकलेली. ती झीज खोटी नव्हती, खऱ्या हाताची होती, हे भाऊजी झोपेत सांगू शकले असते. खोटी झीज सगळीकडे सारखी असते. खरी झीज जिथे वापर तिथे. खरे दात झिजतात, खोटे चकाकतात. चाळीस वर्षांचा धंदा या एका वाक्यावर उभा होता.

रविवारी निकाल लागला. दिवाणखान्यात मावशी, ताई, चष्मेवाले आणि मी. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी पाऊण तास भाषण केलं. त्यातलं मला एवढंच कळलं की झिजलेला तो अस्सल. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलला, 'राखीव' चिठ्ठी काढली आणि चार बोटांच्या जागेत ठेवला. जागा इतकी बेतशीर भरली की चष्मेवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. नवा दिसणारा डबा मावशींच्या हातात आला. त्यांनी त्याच्या छतावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

"काय, मावशी?" ताईने विचारलं.

"काही नाही. हे म्हणतात तर असेल."

"आणि कवळी कशी बसलीय?" भाऊजींनी विचारलं. ती त्याच आठवड्यात दिली होती.

"छान," मावशी ओठ मिटून म्हणाल्या.

पुढचे दहा दिवस भाऊजी जमिनीवरून चालत नव्हते. कवळीच्या गिऱ्हाइकाला आधी कपाटापुढे उभं करायचे, मग खुर्चीत. एका बिचाऱ्याची दाढ ठणकत होती. त्याला चारही डब्यांचा इतिहास ऐकावा लागला. त्याचे डोळे पाणावले ते गाडी बघून, असा भाऊजींचा समज झाला.

आणि मग ताईने तोंड उघडलं.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी चहा देता देता ती म्हणाली, "गाडी पुरी झाली ना?"

"झाली की."

"मग चालवा."

"चालवायची नसते ती."

"बावीस वर्षं ऐकतेय, पुरी झाली की बघ, पुरी झाली की बघ. बघितली. उभीच आहे. उभी तर ती अपुरी असतानाही होती." तिने किटली खाली ठेवली. "एकदा चालवा, नाहीतर तुम्ही बाजारात गेलात की मी चावी देते. मला हातमोजे सापडत नाहीत बरं का."

चष्मेवाले एवढ्यात घरी जाऊन रूळ घेऊनही आले. माणूस जिन्यावरून इतका पटकन उतरू शकतो हे त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरला कळलं तर तो धंदा बंद करील. जेवणाच्या टेबलाखालून, खुर्च्यांच्या पायांमधून, कपाटासमोरून असा लंबगोल तयार झाला. भाऊजींनी इंजिन रुळावर ठेवलं, डबे जोडले, आणि चावी द्यायला लागले. एक, दोन, तीन. प्रत्येक वळशाला त्यांचा चेहरा असा होत होता की त्यांच्याच दाढेत कोणी काहीतरी फिरवतंय.

सोडली. आणि ती चालली. सत्तर-ऐंशी वर्षांची ती हिरवी बाई खडखड करत अशी निघाली, जणू तिला कोणी थांबवलंच नव्हतं. ताई हसली. भाऊजी तोंड उघडं टाकून बघत राहिले. टेबलाखालच्या वळणावर इंजिन वळलं, पहिला डबा वळला, दुसरा, तिसरा, आणि गार्डाचा डबा रूळ सोडून डावीकडे कलंडला.

"रूळ वाकडे आहेत तुमचे," भाऊजी म्हणाले.

"पुन्हा सोडा," चष्मेवाले म्हणाले.

पुन्हा तिथेच कलंडला. तिसऱ्यांदाही. मग चष्मेवाल्यांनी खिशातून स्वतःचा नकली गार्डाचा डबा काढला, तो तिसऱ्या डब्यामागे अडकवला आणि गाडी सोडली. ती तीन वेळा बिनतक्रार फिरली.

भाऊजी उठून मागच्या खोलीत गेले आणि निळा कागद घेऊन आले. हा त्यांच्या धंद्यातला कागद. नवी कवळी बसवली की वरच्या-खालच्या दातांमध्ये त्याची पट्टी ठेवायची आणि माणसाला चावायला सांगायचं. जिथे दात टेकतो तिथे निळा डाग उठतो, जिथे टेकत नाही तिथे काही नाही. कुठे घासायचं ते कागदच सांगतो. भाऊजींनी त्या पट्ट्या रुळांवर चिकटवल्या, झिजलेला डबा त्यांवरून हाताने हळू ढकलला आणि उलटा करून चाकं बघितली. तीन चाकांना निळा रंग लागला होता. चौथं कोरं.

"हे चाक चावतच नाही," ते हळूच म्हणाले.

ते चाक केसभर वर होतं. आणि तिन्ही चाकांच्या कडांवर, आता निळ्या रंगामुळे दिसत होत्या, कानशीच्या बारीक खुणा. हाताने कापून घासलेली चाकं. कारखान्यात यंत्राखालून हजार चाकं निघतात आणि हजारही सारखी असतात.

भाऊजी जमिनीवरच बसले. "तिचा डबा हा. लहानपणी दादाने खास तिच्यासाठी केलेला. ती याच्याशीच खेळली, म्हणून हा झिजला. कारखान्याचा दादाकडे राहिला, मोठा पोरगा, जपून ठेवला त्याने." मग ते चाक बोटाने फिरवत म्हणाले, "मी झीज बघितली. झिजवणाऱ्या माणसाला विचारलंच नाही. समोरच बसली होती ती."

चष्मेवाल्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग मित्रधर्माला जागून म्हणाले, "दातवाले, कोणाला कळणार आहे? कपाटात तर उभाच राहणार. मावशींना दिसत नाही. त्या खूश, तुम्ही खूश. आणि एक नकली डबा तुमच्या कपाटात आला तर मी काही हसणार नाही." ते म्हणताना त्यांचे ओठ इतके थरथरत होते की ते किती दिवस हसले नसते ते सांगता येत नाही.

"मावशीच्या उशाशी कारखाना झोपलाय," भाऊजी म्हणाले आणि उठले. डबा रुमालात बांधला आणि निघाले. हातमोजे काढायचे राहिले, पायात घरातल्या सपाता. ताईने मला खूण केली, "जा रे बरोबर. रस्ता ओलांडताना बघणार नाहीत."

मावशींचं घर दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच होतं. खिडकीपाशी स्टुलावर जुना काळा टेलिफोन, त्याशेजारी तो नवा दिसणारा डबा. मावशी चहात बिस्किट बुडवून मऊ करून खात होत्या. कवळी पेल्यात पाण्यात होती. माझ्या लक्षात आलं. भाऊजींच्या आलं नाही, त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या गुन्ह्याकडे होतं.

ते उभ्यानेच बोलले, एका दमात: झीज, वळण, निळा कागद, चौथं चाक. "मी चुकलो. तीन आठवडे बघून चुकलो. हा तुमच्या दादांचा," असं म्हणून रुमाल पुढे केला.

मावशींनी रुमाल सोडला. झिजलेल्या छतावर अंगठा ठेवला. तो उडालेल्या रंगाच्या जागी बरोबर बसला.

"मला चार दिवसांपूर्वीच कळलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फोनवर बोलता बोलता याला टेबलावर ढकलला तर सरळ गेला." त्यांनी कारखान्याच्या डब्याकडे हनुवटीने दाखवलं. "तेव्हा आठवलं. दादाचा कधी सरळ गेलाच नाही. डावीकडे वळायचा आणि पलंगाखाली जायचा. मी रडायचे, तो आत शिरून काढून द्यायचा. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही, म्हणून मलाही आठवलं नव्हतं."

"अहो मावशी, मग सांगितलं का नाहीत?"

"भाऊ, तुम्ही तीन आठवडे भिंग लावून बसलात. इतक्या लोकांत भाषण केलंत. इस्त्रीचा सदरा घातला होतात. माझं मन होईना."

भाऊजी खुर्चीवर टेकले. आणि तेव्हा त्यांना पेला दिसला. ते बराच वेळ पेल्याकडे बघत राहिले. नंतर त्या भिजलेल्या बिस्किटाकडे.

"कवळी टोचते का?"

मावशींनी पेला हळूच टेलिफोनमागे सरकवला.

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून," मावशी म्हणाल्या. "डावीकडे. पण तुम्ही त्या डब्यांमध्ये इतके गुंतला होतात की मधेच कशाला त्रास द्यायचा."

असं हे शिष्टाचारी माणसांचं जग. भाऊजींचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, आणि मग ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना क्वचितच बघितलंय. दुसऱ्यांचे दात करणाऱ्या माणसाला स्वतःचे दाखवायला वेळ कुठे? मावशीही हसल्या, तोंडावर पदर धरून, कारण आत काही नव्हतं.

अर्ध्या तासात आमची वरात परत आली: पुढे मावशी, मागे भाऊजी, माझ्या एका हातात दोन डबे आणि दुसऱ्या हातात कवळीचा पेला, तो न सांडता. रस्त्यातली माणसं पेल्याकडे बघायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची.

ताईने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. भाऊजींनी हातमोजे काढले. निळ्या कागदाची पट्टी मावशींच्या दातांमध्ये ठेवली, "चावा" म्हणाले, बघितलं, डावीकडच्या दाढेवर मोठा निळा डाग. घासलं. पुन्हा चावा, पुन्हा घासलं. चौथ्या वेळी डाग सगळीकडे सारखे उठले. ताईने बशीतलं सगळ्यात कडक बिस्किट पुढे केलं. मावशींनी ते न बुडवता तोंडात घातलं, आणि खोलीत कोरडं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. चष्मेवाल्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"आता हा," भाऊजी म्हणाले आणि दादाचा डबा हातात घेतला. कानस त्यांच्या दुसऱ्या हातातच होती. "चौथं चाक अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सरळ पळेल."

"हात लावून बघा," मावशी म्हणाल्या. छत्तीस वर्षं जोडण्या देणारा तो आवाज. भाऊजींनी कानस खाली ठेवली.

मग गाडी लागली. हिरवं इंजिन, तीन डबे, आणि मागे कारखान्याचा गार्डाचा डबा, पन्नास वर्षांनी आपल्या माणसांत आलेला. भाऊजींनी उघड्या हाताने चावी दिली. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि ताईने लक्षात आणूनही दिलं नाही. गाडी टेबलाखालचं वळण अशी सफाईने घेऊन गेली की चष्मेवालेही म्हणाले, "खोटं नाही बोलत, माझी अशी जात नाही."

"पुरी झाली," भाऊजी म्हणाले. एवढंच. भाषण केलं नाही.

"आता माझा लावा मागे," मावशी म्हणाल्या.

"अहो, तो पडणार."

"लावा."

लावला. एका गाडीला दोन गार्ड, असं कुठल्याच कारखान्याने कधी केलं नसेल. गाडी निघाली, कपाटासमोरून गेली, टेबलाखाली शिरली. इंजिन वळलं, तिन्ही डबे वळले, पहिला गार्ड वळला, आणि दादाचा डबा रूळ सोडून डावीकडे, फरशीवरून घरंगळत, थेट सोफ्याखाली.

"हां," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचे सगळे दात दिसले, सुळा किंचित पुढे असलेला, चहाच्या पुसट पिवळेपणासकट. "आता बरोबर."

भाऊजी इस्त्रीच्या सदऱ्यासकट सोफ्याखाली शिरले होते. आतून त्यांचा आवाज आला, "मावशी, पुढच्या रविवारी जरा लवकर या. यासाठी मोठं वळण करू."

"मोठं नको," मावशी म्हणाल्या. "हेच ठेवा."